पन्नासचं अठ्ठ्याऐंशी: छोट्या डर्ट बाइकवरच्या बिग बोअर किटचा आढावा

होंडाची सीआरएफ ५० एफ ही लहान मुलांसाठी बनवलेली गाडी. दहा इंची चाकं, तीन गिअर, हाताने दाबायचा क्लचच नाही. इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३९ मिमी आणि स्ट्रोक ४१.४ मिमी, म्हणजे ४९.४ सीसी. याच गाडीवर बिग बोअर किट, म्हणजे ५२ मिमीचा ब्लॉक आणि पिस्टन, बसवलं, स्ट्रोकला हातही लावला नाही, तरी आकडा ८८ सीसीच्या घरात जातो. व्यास एक तृतीयांशाने वाढला, पण सिलिंडरचं आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून सीसी ७८ टक्क्यांनी वाढले. बिग बोअर किटचं आकर्षण या वर्गात आहे आणि त्याचे बहुतेक त्रासही त्याच वर्गातून निघतात. पिस्टनचं डोकं ७८ टक्के मोठं झालं, तेव्हा तेवढ्याच दाबाला त्यावरचा जोरही ७८ टक्के वाढला, आणि तो जोर झेलायला खाली कनेक्टिंग रॉड आणि क्रँकचं बेअरिंग मात्र पन्नास सीसीचंच राहिलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्लॉक-पिस्टन बदलणं हे एका पार्टचं काम म्हणून विकलं जातं, पण खरं पाहता तो सगळ्या गाडीबद्दलचा निर्णय असतो. कार्बोरेटर, हेड, क्लच, ऑइल, ब्रेक, शॉक, चालवणारा माणूस आणि तो कुठे चालवणार, हे सगळं त्यात येतं. हा विचार करून बसवलेली किट मी उत्तम चाललेल्या पाहिल्या आहेत. न करता बसवलेल्या गाड्या बहुतेक वेळा गॅरेजच्या कोपऱ्यात उघड्या पडलेल्या दिसतात.

हा प्रकार सुरू झाला जपानमध्ये, आणि मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर नव्हे, रस्त्यावर. होंडाच्या मंकी या चिमुकल्या गाडीचा जन्म १९६१ मध्ये तामा टेक या करमणूक उद्यानातल्या मुलांच्या वाहनातून झाला. पुढे तिच्यात सुपर कबच्या घराण्यातलं आडवं, वर कॅमशाफ्ट असलेलं इंजिन आलं. जपानमध्ये ५० सीसीपर्यंतच्या गाडीला ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असे. त्याच्या वरचे सीसी झाले की गाडी वेगळ्या वर्गात जाते, तिला पिवळी नंबरप्लेट मिळते आणि ती मर्यादा सुटते. हा पिवळ्या प्लेटचा वर्ग ९० सीसीपर्यंतचा. म्हणून बोअर वाढवून, नगरपालिकेच्या कचेरीत तशी नोंद करून गाडी चालवणं हा तिथे उघड आणि कायदेशीर मार्ग होता. त्यासाठी चालवणाऱ्याकडे वरच्या वर्गाचा परवाना असावा लागे, इतकंच. ८८ सीसीचं किट ९० च्या आत बरोबर बसतं. ताकेगावा, किताको अशा जपानी कंपन्यांनी या आडव्या इंजिनासाठी ब्लॉक, कॅम, हेड, ऑइल कूलर यांचं अख्खं कपाट उभं केलं.

तेच इंजिन होंडाच्या झेड ५० मधून, नंतर २००० सालच्या एक्सआर ५० आर मधून आणि २००४ पासून सीआरएफ ५० एफ मधून अमेरिकेत मुलांच्या डर्ट बाइकवर पोचलं. दक्षिण कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसच्या स्पर्धेत पिटमध्ये इकडून तिकडे जायला ठेवलेल्या या गाड्यांवर मोठी माणसं शर्यती लावू लागली. मग त्यांना पन्नास सीसी पुरेनात, आणि जपानी किटना नवं गिऱ्हाईक मिळालं. पुढे लास व्हेगासमध्ये, सुपरक्रॉसच्या अंतिम फेरीच्या दिवसांत, या चिमुकल्या गाड्यांच्या स्वतंत्र शर्यती भरू लागल्या. बीबीआरसारख्या अमेरिकन कंपन्यांनी इंजिनाबरोबर फ्रेम, हँडल आणि शॉकही विकायला सुरुवात केली. त्यांना लवकर कळलं होतं की अठ्ठ्याऐंशी सीसीच्या जोराखाली मुलांसाठी बनवलेली फ्रेम टिकत नाही.

मराठी वाचकाला हे इंजिन परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या सीडी १०० चं आणि नंतरच्या स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं: जवळजवळ आडवा सिलिंडर, डाव्या बाजूने जाणारी टायमिंग चेन, बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिमी. ज्याने गावातल्या गॅरेजमध्ये स्प्लेंडरचा ब्लॉक उतरवलेला पाहिला आहे, त्याला सीआरएफ ५० चा ब्लॉक उतरवताना काही नवीन दिसणार नाही. सगळं फक्त लहान असतं.

आता आकड्यांच्या पुढच्या पायरीवर येतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. सीआरएफ ५० चं कॉम्प्रेशन १० ला १ आहे. म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरलेली जागा साधारण ५.५ सीसी. हेड तेच ठेवून वर सपाट डोक्याचा ५२ मिमीचा पिस्टन लावला, तर ८७.९ अधिक ५.५ भागिले ५.५, म्हणजे कॉम्प्रेशन १७ ला १ होईल. ते डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन झालं. पेट्रोलवर ते इंजिन पहिल्या चढावरच नॉकिंग करून पिस्टनला भोक पाडेल. म्हणून चांगल्या किटमधल्या पिस्टनच्या डोक्यावर बशीसारखा खोलगट भाग असतो, किंवा किटबरोबर मोठ्या चेंबरचं नवं हेडच येतं. स्वस्त किट घेताना हा एक प्रश्न विक्रेत्याला विचारावाच: या पिस्टनने कॉम्प्रेशन किती होतं? उत्तर देता येत नसेल तर ते किट घेऊ नये.

कावासाकीच्या केएलएक्स ११० चं गणित यापेक्षा सौम्य आहे. २००२ मध्ये आलेली ही गाडी काही वर्षं आपल्याकडेही विकली गेली. बोअर ५३, स्ट्रोक ५०.६, म्हणजे १११ सीसी. ६० मिमीच्या पिस्टनने १४३ सीसी होतात, वाढ २८ टक्के. हेड तेच ठेवलं तर ९.५ चं कॉम्प्रेशन १२ च्या आसपास जाईल. पिस्टनचं डोकं थोडं खोल केलं की ते आवरता येतं. या आकाराच्या सगळ्या किटमध्ये मला हे सर्वात समतोल वाटतं. मूळ इंजिनाचा तळ मजबूत आहे, बोअरभोवती धातू पुरेसा उरतो, आणि २८ टक्क्यांची वाढ क्लच आणि गिअर थोड्या मदतीने सोसू शकतात. सत्तर किलोचा माणूस शेताच्या कडेने, टेकडीवर ही गाडी घेऊन गेला तर मूळ इंजिन प्रत्येक चढावर दम टाकतं. १४३ चं झालं की दुसऱ्या गिअरवर ओढत राहतं. ही सुधारणा खरी आहे आणि उपयोगाची आहे.

तिसरा थर खऱ्या स्पर्धेच्या गाड्यांचा. होंडाची पहिली सीआरएफ २५० आर ७८ बाय ५२.२ मिमीची होती. ८१ मिमीच्या सिलिंडरने ती जवळजवळ २७० सीसीची होते, वाढ ८ टक्के. यामाहाच्या २००१ पासूनच्या वायझेड २५० एफ चा बोअर ७७ मिमी, तो ८३ केला तर २९० सीसी होतात, म्हणजे १६ टक्के. टक्के कमी दिसतात, पण पन्नासच्या मूळ इंजिनाला जेमतेम तीनेक अश्वशक्ती असते आणि हे इंजिन आधीच काठावर ताणलेलं असतं. इथे किट घेणारा माणूसही वेगळा असतो. बहुतेक वेळा तो तिशी-चाळिशीतला, थोडा जड, ४५० ची गाडी नको असलेला पण २५० वर कोपऱ्यातून निघताना क्लच सतत दाबून कंटाळलेला असतो. त्याला जास्त अश्वशक्ती नकोच असते. मधल्या आरपीएमला थोडा जास्त जोर हवा असतो, आणि तो त्याला मिळतो.

हा मधला जोरच का मिळतो, वरचा वेग का नाही, हे समजून घ्यायला हवं. इंजिन किती हवा ओढू शकतं ते हेडमधल्या व्हॉल्व्हवर आणि पोर्टवर ठरतं. छाती मोठी केली आणि नाकपुड्या तेवढ्याच ठेवल्या तर धावणारा लवकर धापा टाकेल, तसंच हे आहे. मोठ्या सिलिंडरला कमी आरपीएमवर पुरेशी हवा मिळते, म्हणून तिथला टॉर्क वाढतो. आरपीएम वाढल्यावर त्या लहान व्हॉल्व्हमधून तेवढी हवा आत जाऊ शकत नाही, म्हणून सर्वाधिक शक्ती लवकर येते आणि लवकर संपते. नुसत्या ८८ च्या ब्लॉकने सीआरएफ ५० खूप वेगवान होईल अशी अपेक्षा ठेवणारे यामुळेच नाराज होतात. मग मोठ्या व्हॉल्व्हचं हेड घ्यावं लागतं, त्याला २० ते २६ मिमीचा कार्बोरेटर, त्याला वेगळा मॅनिफोल्ड, मोकळा सायलेन्सर, वेगळा कॅम आणि रेव्ह लिमिट नसलेला सीडीआय. यादी इथपर्यंत आली की मूळ किटच्या दुप्पट-तिप्पट पैसे गेलेले असतात आणि गाडी बहुतेक वेळा मुलाच्या हातातून निघून बापाची झालेली असते.

उष्णतेचं आणि तेलाचं बोलणं थोडक्यात आटोपतं, पण टाळता येत नाही. जळणारं पेट्रोल जवळजवळ सीसीच्या प्रमाणात वाढतं. ब्लॉकवरच्या पात्या मात्र फारशा वाढत नाहीत. सीआरएफ ५० मध्ये तेल पाऊण लिटरच्याही आत बसतं आणि तेच तेल क्लच, गिअर, कॅम सगळ्यांना पुरवायचं असतं. मे महिन्यात धुळीच्या ट्रॅकवर अर्धा तास सलग चालवायची असेल तर ऑइल कूलर ही चैन नाही. तेल बदलायचं अंतर निम्म्यावर आणावं. डर्ट बाइकचं तेल किलोमीटरवर मोजून चालत नाही, तासांवर मोजावं लागतं.

किट बसवण्याचं काम स्वतः हातात घेण्यासारखं आहे. त्यात काही गूढ नाही, फक्त घाई चालत नाही. पिस्टन सर्वात वर येईपर्यंत मॅग्नेट फिरवायचा, टी ची खूण केसवरच्या खुणेशी जुळवायची, कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूणही पाहून घ्यायची. चेनचा टेन्शनर ढिला करून स्प्रॉकेट सोडवलं की चेनला तारेने बांधून ठेवायचं, नाहीतर ती खाली केसमध्ये घसरते. हेड आणि ब्लॉक उचलला की क्रँककेसचं तोंड उघडं पडतं. तिथे लगेच स्वच्छ, दोरे न सुटणारं फडकं कोंबावं. गजन पिनचं सर्क्लिप काढताना ते हमखास उडतं, आणि ते त्या तोंडातून आत गेलं तर पुढचा सगळा दिवस इंजिन फोडण्यात जातो. जुनं सर्क्लिप परत लावू नये. नवं किरकोळ किमतीत मिळतं आणि निसटलेलं सर्क्लिप नवा सिलिंडर उभा चिरतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रिंगच्या गॅपकडे. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच नव्या सिलिंडरमध्ये घालावी, पिस्टनच्या डोक्याने ढकलून दोन-तीन सेंटिमीटर आत सरळ बसवावी आणि दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. ढोबळ नियम बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी. म्हणजे ५२ मिमीला ०.२ मिमी, ६० मिमीला ०.२४. किटबरोबर कागद आला असेल तर त्यावरचा आकडा मानावा. फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग फुगते आणि सिलिंडर ओरबाडते. मग इंजिन सीज झालं की दोष किटला दिला जातो. बारीक कानशीने टोकाला दोन-चार घाव, एकाच दिशेने, बाहेरून आत, की काम झालं. दोन्ही कॉम्प्रेशन रिंगची तोंडं एकमेकींसमोर येऊ देऊ नयेत. पिस्टनवरची इनटेकची खूण कार्बोरेटरच्या बाजूला. हेडचे नट आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. हेडचं पॅकिंग किटमधलंच वापरावं. मूळ पॅकिंगचं भोक ३९ मिमीचं असतं आणि ते ५२ च्या सिलिंडरवर आत डोकावतं.

ब्लॉक बसला की जेटिंग. मोठा सिलिंडर जास्त हवा ओढतो आणि जुना मेन जेट त्या प्रमाणात पेट्रोल वाढवू शकत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण गरम जळतं, प्लगचं टोक पांढरंफटक पडतं आणि तिथून पुढे वितळलेल्या पिस्टनपर्यंतचं अंतर थोडंच असतं. किट बनवणारे जेटचा नंबर सांगतात, पण तो त्यांच्या हवेचा आणि त्यांच्या पेट्रोलचा असतो. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. म्हणून कागदावरच्या नंबरपेक्षा एक-दोन नंबर मोठा जेट लावून सुरुवात करावी आणि प्लग पाहत खाली यावं. उलट, महाबळेश्वरसारख्या साडेचार हजार फुटांवरच्या ठिकाणी तोच जेट जड पडेल आणि गाडी गुरगुरेल. पुण्यात एक सेटिंग आणि घाटावर दुसरं, हे कार्बोरेटरवाल्यांना नवीन नाही. होंडाने २०१९ मध्ये सीआरएफ ११० एफ ला फ्युएल इंजेक्शन दिलं तेव्हापासून त्या गाडीवर जेट बदलायची सोय उरली नाही. तिथे किटबरोबर इंधनाचा कंट्रोलर घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो.

पहिला तास जपून. सुरू करून गरम होऊ द्यायची, बंद करून पूर्ण गार, असं दोन-तीनदा. नंतर थ्रॉटल कमी-जास्त करत चालवायची, एकाच आरपीएमवर कोंडून ठेवायची नाही. मग तेल बदलायचं, टॅपेट पाहायचे, आणि कंपनीने सांगितलं असेल तर इंजिन गार असताना हेडचे नट तपासायचे.

शर्यतीच्या नियमांचा प्रश्न वेगळा आहे. फोर-स्ट्रोकला मोटोक्रॉसमध्ये जास्त सीसीची सवलत मुळातच मिळालेली आहे. १९९७ मध्ये लास व्हेगासला डग हेन्रीने यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉस जिंकली. पुढच्याच वर्षी त्याने वायझेड ४०० एफ वर अमेरिकेचं मैदानी अजिंक्यपद घेतलं. त्या वेळी टू-स्ट्रोकला २५० सीसीची आणि फोर-स्ट्रोकला त्याहून बरीच मोठी मुभा होती. खालच्या वर्गात १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक, मुलांच्या वर्गात ८५ समोर १५०. होंडाने २००७ मध्ये काढलेली सीआरएफ १५० आर, ६६ बाय ४३.७ मिमीची, याच रेषेवर बेतलेली. म्हणजे कंपनीने सवलतीचा शेवटचा सीसीही वापरलेला असतो. अशा गाडीवर एक मिलिमीटर बोअर वाढवला की ती वर्गाबाहेर जाते. तपासणीत ब्लॉक उघडून मोजला की निकाल रद्द होतो, आणि त्यात पोराचा सगळा हंगाम वाया जातो. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाच्या पालकांना माझं सांगणं एवढंच: सीसीला हात लावू नका. तेच पैसे शॉकच्या सर्व्हिसिंगवर आणि टायरवर घाला. ज्यांच्या वर्गाला सीसीची मर्यादा नाही, किंवा जे स्पर्धाच खेळत नाहीत, त्यांच्यासाठीच हा विषय आहे.

महाराष्ट्रात मोटोक्रॉसची हौस नवी नाही. पुणे आणि नाशिक ही डर्ट ट्रॅकची जुनी गावं. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी पुण्यात बालेवाडीला झाली आणि त्यात ४५०, २५० बरोबर मुलांच्या ८५ सीसीचा वर्गही होता. तरीही आयात केलेली मोटोक्रॉस गाडी इथे महागच पडते. म्हणून आपल्या पोरांनी वेगळी वाट काढली. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, तेव्हा गाडी मातीची होती पण १५० सीसीचं इंजिन थंड होतं. हौशी लोकांनी तिच्यात करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन बसवायला सुरुवात केली. ६५.५ बाय ६६.२ मिमीचं ते इंजिन कंपनीनेच त्या ताकदीसाठी क्रँक, क्लच, गिअरसकट बनवलेलं होतं. तांत्रिक बाजूने मला ही वाट बोअर वाढवण्यापेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. मोठ्या सीसीला लागणारं बाकी सगळं त्या इंजिनाबरोबर आपसूक येतं.

पण रस्त्यावरच्या गाडीला हे दोन्ही करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रूपाशी विसंगत बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ ए कलमात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला हेच कारण पुढे करते. आणि मोटोक्रॉसच्या गाडीची तर नोंदणीच नसते. तिला कॉलनीतल्या रस्त्यावरही उतरवता येत नाही, ती टेम्पोत घालून खासगी मैदानावर न्यावी लागते. जपानमध्ये कचेरीत जाऊन प्लेट बदलून घेता येते, तशी साधी सोय आपल्याकडे असती तर लपूनछपून केलेली अर्धी कामं उघड आणि नीट झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र भरपूर आहे, ती म्हणजे बोअरिंग करणारी लेथवाली माणसं. पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक कुठेही गेलं तरी ०.२५, ०.५० च्या ओव्हरसाइज पिस्टनला सिलिंडर घासून, होनिंग करून देणारा कारागीर सापडतो. त्याच्याकडे जाण्याआधी एक तपासणी घरीच करावी. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला लोहचुंबक लावून पाहावं. जोरात चिकटलं तर आत लोखंडी लायनर आहे, तो बोअर करता येतो. केएलएक्स ११० च्या वर्गातल्या साध्या गाड्यांत तो असतो. २५० च्या स्पर्धेच्या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तो साध्या बोअरिंगच्या टूलने कापायला गेलं तर टूलही जातं आणि थरही. तो काढून, बोअर करून पुन्हा थर चढवावा लागतो, आणि ती सोय गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये नसते. त्या गाडीला पूर्ण नवा सिलिंडर मागवणंच स्वस्त पडतं. लायनर बोअर करतानाही हाव धरू नये. लायनर पातळ झाला की गरम होऊन वाकडा होतो, आणि बोअर व टायमिंग चेनच्या बोगद्यामधली पॅकिंगला बसायची पट्टी इतकी अरुंद होते की हेडमधून दाब गळायला लागतो.

क्लचबद्दलही सांगायला हवं, कारण पन्नासच्या गाडीत पहिला बळी त्याचाच जातो. आपोआप लागणारा तो छोटा क्लच मुलाच्या वजनासाठी आणि मूळ जोरासाठी आहे. ८८ ला तो घसरतो, इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही, आणि घसरलेल्या प्लेटचा चुरा त्याच पाऊण लिटर तेलातून बेअरिंगमध्ये जातो. कडक स्प्रिंग आणि जास्त प्लेटचा क्लच किटबरोबरच घ्यावा, नंतर पाहू म्हणू नये.

आता मुलांचा प्रश्न. सीआरएफ ५० ला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत आणि शॉक सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वजनाचे. पोरगं मोठं झालं, गाडी हळू वाटायला लागली, म्हणून त्याच गाडीचं इंजिन वाढवायचं ही कल्पना मला साफ नामंजूर आहे. मूल गाडीपेक्षा मोठं झालं असेल तर त्याला चाकं, सीट, शॉक आणि ब्रेकसकट पुढची गाडी हवी. थोडाच फरक हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट बदलावं. काही दातांच्या फरकाने गाडीचा स्वभाव किती बदलतो ते किट घेणाऱ्या अनेकांना माहीतच नसतं, आणि खर्च किटच्या तुलनेत किरकोळ. टॅपेट सेट करून, एअर फिल्टर धुऊन, कॉम्प्रेशन मोजून घेतलं तर झिजलेल्या गाडीची हरवलेली ताकदही परत येते. मोठ्या माणसाने स्वतःसाठी ८८ करायची तर जरूर करावी, पण आधी पुढचे स्प्रिंग आणि मागचा शॉक, मग हँडल आणि फूटरेस्ट, मग इंजिन, हा क्रम पाळावा.

किट बसवलं की मूळ ब्लॉक, पिस्टन, हेड, कार्बोरेटर आणि त्यातले जेट तेलाचा हात फिरवून एका डब्यात ठेवावेत. या गाड्या एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. विकताना मूळ इंजिन परत बसवून द्यावं. ते जमणार नसेल तर बोअर किती मिमीचा आहे, रिंग कुठल्या मापाची आणि मेन जेट किती नंबरचा आहे, ते कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातात द्यावं, कारण ब्लॉक बाहेरून पाहून पुढच्या मेकॅनिकला यातलं काहीच कळत नाही आणि तो ३९ मिमीचं पॅकिंग मागवून बसतो.